दुपारी दोन ते चार

माणूस मरतो, माहिती मरत नाही!

हे त्रिकालाबाधित सत्य हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारामागच्या गल्लीत, विरुपाक्ष अंगडीच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानावर लाल अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याखाली पिवळ्या, जरा बारीक अक्षरांत : 'गेलेली माहिती परत मिळेलच असे नाही.' आणि त्याखाली आणखी बारीक : 'दुपारी दोन ते चार बंद.'

यातलं शेवटचं तेवढं खरं आहे, असं गल्लीत म्हणत.

आता तेही खरं राहिलेलं नाही.

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला खोटी वाटेल त्याने दुकानात जाऊन खुशाल खात्री करून घ्यावी. मात्र चारनंतर.

अमावास्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. साडेआठला विरुपाक्ष शटर ओढून घरी जातो, त्यामुळे त्याला जे काही दिसायचं ते दिवसाउजेडीच दिसणं भाग होतं. मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

पण त्याआधी फेब्रुवारीत काय झालं, ते सांगायला हवं.

फेब्रुवारीत एका सकाळी बसलिंगप्पा कडकोळ मास्तर रिक्षातून उतरले. काखेत सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेला संगणक. मास्तर यलगुंडीचे. यलगुंडी धरणाच्या पाण्याखाली गेली त्याला बरीच वर्षं झाली. विरुपाक्षही तिथलाच; चौथीपर्यंत मास्तरांच्या हाताखाली, म्हणजे अक्षरशः हाताखाली, शिकलेला.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी गाव टाइप करायला घेतलं. एका घराची एक फाईल. दार कुठल्या दिशेला, आत कोण राहायचं, कुणाचं कुणाशी भिंतीवरून भांडण. तीनशे बारा घरं. अकरा वर्षं. आणि दर मे महिन्यात, पाणी उतरून देवळाचा कळस वर आला की, पांगलेलं सगळं गाव काठावर जमायचं. मास्तर एकेका घराचा क्रमांक पुकारत. त्या घरातलं जे कुणी आलं असेल ते म्हणायचं, "हजर!"

कुणीच नसलं तर मास्तर थोडं थांबत. मग पुढचा क्रमांक.

"काय झालंय मास्तर?" विरुपाक्षने विचारलं.

"काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरतायत. सकाळी सातपासून प्रदक्षिणा चालू आहे. देव काही दर्शन देत नाही."

"बंद करून पुन्हा चालू केलंत?"

"तम्मा, बाळा, नापास पोरांनाही आम्ही त्याच वर्गात पुन्हा चालू करायचो. फरक पडत नाही."

विरुपाक्षने डबा उघडला. आत दोन हार्ड डिस्क. एकीवर विंडोज, दुसरीवर गाव. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, जुळ्या बहिणींसारख्या. फक्त एकीच्या कपाळावर कुंकवाचं बोट.

"हे काय हो?"

"दसऱ्याच्या आयुधपूजेला लावलं. गाव आहे ना त्यात."

"मास्तर, इथे बारीक भोक असतं. डिस्क त्यातून श्वास घेते. त्यावर कुंकू फासायचं नसतं." असं म्हणून विरुपाक्षने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि डिस्क लख्ख पुसली. मास्तर म्हणाले, "बरं. संध्याकाळी येतो." आणि गेले.

तेवढ्यात मकबूल नदाफ आला. दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं टेबल. हातात कागदाच्या दोन पुड्या, एकीत चुरमुऱ्यांचं गिरमिट, दुसरीत भजी. "अण्णा, गिरमिट गरम आहे. भजी त्याहून गरम. संगणक थांबेल, भजी थांबणार नाही."

विरुपाक्षने हात धुतले, खाल्लं, पुन्हा हात धुतले, आणि डब्यासमोर येऊन बसला.

जुळ्या बहिणी. कपाळं कोरी.

नवीन विंडोज घालायचं तर दुसऱ्या डिस्कची केबल आधी काढून ठेवावी, म्हणजे चुकून ती पुसली जात नाही. हा नियम विरुपाक्ष येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत असे. त्याने तो पाळलाही. एक केबल काढली.

विंडोजची.

पडद्यावर आता एकच डिस्क दिसत होती. एकच दिसत असल्यामुळे त्याला शंकाही आली नाही. त्याने फॉरमॅटवर बोट ठेवलं. अकरा वर्षं जायला सहा सेकंद लागले. नवं विंडोज चढवून दुसरी केबल जोडली, तेव्हा त्या डिस्कवर जुनंच विंडोज निघालं; गाव कुठेच नव्हतं.

संध्याकाळी मास्तर आले. विरुपाक्षने डाव्या कानाची पाळी चोळत सांगितलं, "विंडोज झालं, मास्तर. पण दुसरी डिस्क खराब झाली होती. जुनी होती. आतून गेली."

मास्तर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "मग पुन्हा लिहितो."

पहिल्या घरापासून सुरुवात केली. बाविसाव्या दिवशी मास्तर गेले. तोवर एक्केचाळीस घरं झाली होती. तीही वहीत, पेन्सिलीने. यंत्रावरचा विश्वास उडाला होता.

डिस्क विरुपाक्षच्या खणात पडून होती, मेलेल्या सतरा डिस्कांच्या ढिगात. ती मेलेली नव्हती. तिच्यातून काहीतरी परत काढता आलं असतं. पण काढलं असतं तर खराब डिस्क जिवंत कशी झाली, हे सांगावं लागलं असतं.

म्हणून त्याने खणच उघडला नाही.

मार्चपासून मकबूल एकच तक्रार करत होता. "अण्णा, तुमच्या खणात पाल शिरलीय. तुम्ही दुपारी झोपता ना, तेव्हा आवाज करते."

"कसला आवाज?"

"कट्... कट्... असा."

"पालच," विरुपाक्ष म्हणाला होता.

आता तो मंगळवार.

दोनला वीज गेली होती. शटर अर्धं खाली. मकबूल जेवायला घरी. विरुपाक्ष बाकावर आडवा. यूपीएस थोडा वेळ केकाटला आणि गप्प झाला.

पंखा थांबलेला. गल्लीतला भोंगाही बंद. एवढी शांतता दुर्गदबैलात कधी नसते...

शटर वाजलं.

नीलव्वा. मास्तरांची बायको. वाकून आत आली आणि स्टुलावर टेकली.

"झोपला होतास का रे, तम्मा?"

"छे हो, अव्वा." गालावर बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या.

"शुक्रवारी पाण्यावर जायचंय. कळस दिसायला लागलाय म्हणतात. लोक येतील, उभे राहतील. एक्केचाळिसाव्या घरापुढे पुकारायला काही नाही. पाण्याने एकदा बुडवलं, आता आपण दुसऱ्यांदा." पदराने तिने मान पुसली. "ती डिस्क दे. खराब तर खराब. गाव पाण्यात आहे, तीही पाण्यात सोडते."

विरुपाक्षला घाम फुटला. डिस्क पाण्यात गेली की संपलं. पुन्हा कधीच काही निघणार नाही. आणि पुन्हा कधीच कुणाला काही कळणारही नाही.

हात डाव्या कानाकडे गेला.

"ती... ती मी टाकून दिली, अव्वा."

कट्...

दोघांनी खणाकडे पाहिलं.

"तू काही टाकत नाहीस," नीलव्वा म्हणाली. "दुकान बघितलं की कळतं."

कट्... कट्...

डिस्कच्या आतली सुई जागा सापडेनाशी झाली की असा आवाज करते. या धंद्यात ती मरणाची घरघर समजतात. विरुपाक्षने ती हजार वेळा ऐकली होती. पण तिला वीज लागते. वायर लागते.

खणात वायर नव्हती. गल्लीत वीज नव्हती.

कट्... कट्... कट्...

नीलव्वा कान देऊन ऐकत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. जरा चीड होती.

"सुपारी कातरतायत," ती म्हणाली.

"क-कोण?"

"दुसरं कोण? चव्वेचाळीस वर्षं ऐकलाय तो अडकित्ता. उत्तर चुकलं की कातरत बसायचे. पोरगं बरोबर सांगेपर्यंत."

कट्. कट्. कट्. कट्.

खणाची कडी हलायला लागली.

"अव्वा, डिस्क खराब नव्हती!" विरुपाक्ष ओरडला. "मी पुसली. चुकून. कुंकू पुसलं, आणि मग कुठली कुठली ते कळलं नाही, आणि मी खोटं बोललो, आणि मास्तर परत लिहायला बसले, आणि..."

आवाज थांबला.

एकदम.

नीलव्वाने खणावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांना माहीत होतं," मग ती म्हणाली. "त्याच रात्री म्हणाले, पोरगं खोटं बोललं. मी म्हटलं, जाऊन विचारा की. तर म्हणाले, सांगून लिहून घेतलेल्या उत्तराला मार्क नसतात."

विरुपाक्ष खाली मान घालून रडला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस चौथीतल्यासारखा रडला.

"रड," नीलव्वा म्हणाली. "पण खण उघड."

त्याने खण उघडला.

सतरा डिस्कांवर धूळ. अठराव्या डिस्कवर धूळ नव्हती. तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट होतं...

ओलं.

भोक मात्र सोडून लावलेलं.

वीज आली. पंखा फिरला. विरुपाक्षने डिस्क जोडली. तिच्यावर त्याने स्वतः घातलेलं विंडोज असायला हवं होतं. नव्हतं. एकच फोल्डर होता. 'यलगुंडी.'

आत तीनशे बारा फाईली.

त्याने तारखा पाहिल्या आणि खुर्ची घट्ट धरली.

पहिली फाईल मास्तरांना मातीत ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मग रोज चार, कधी पाच. एकही खाडा नाही. वेळा : दोन वाजून चार मिनिटं. दोन एकतीस. तीन दोन. तीन सत्तेचाळीस.

सगळ्या दोन ते चारमधल्या.

म्हणजे तो बाकावर झोपलेला असताना... हातभर अंतरावर...

तीनशे बारावी आजची होती. तीन वाजून नऊ मिनिटं.

"तुमचं घर बघ," नीलव्वा म्हणाली.

त्याने उघडलं. 'घर क्र. २०७. अंगडी. दार पूर्वेला. तिसरी पायरी तुटकी. थोरल्या मुलाचा पुढचा दात तिथेच पडला. मुलगा हुशार. खोटं बोलताना डाव्या कानाला हात लावतो.'

विरुपाक्षने हात मांडीखाली दाबून धरला.

त्या दिवशी त्याने त्या फोल्डरच्या तीन प्रती केल्या, तीन वेगवेगळ्या जागी ठेवल्या, आणि सगळा गठ्ठा छापूनही घेतला. धंद्यात पहिल्यांदाच.

शुक्रवारी काठावर यलगुंडी जमली. कळस हातभर वर आला होता. विरुपाक्षने पुकारायला सुरुवात केली. एक. "हजर!" दोन. "हजर!" तीन... कुणी नाही. तो थांबला, मास्तर थांबायचे तेवढाच. मग चार. दोनशे सातला तो स्वतःच "हजर" म्हणाला, आणि लोक हसले.

ऊन कलताना शेवटचं घर आलं.

"तीनशे बारा. कडकोळ."

"हजर," नीलव्वा म्हणाली.

विरुपाक्षने कागद मिटला.

"हजर..."

हा आवाज काठावरून आला नव्हता.

लोक पाण्याकडे बघत राहिले. पाणी हललंसुद्धा नाही. कुणी म्हणालं, कळसावर आपटून परत आला. नीलव्वाने पदर सारखा केला आणि बसकडे चालायला लागली.

इथे संपायला हरकत नव्हती.

पण सोमवारी विरुपाक्षने खात्रीसाठी डिस्क पुन्हा जोडली. गाव संपलं होतं. तीनशे तेरावं घर यलगुंडीत कधीच नव्हतं.

फोल्डरमध्ये तीनशे तेरावी फाईल होती.

आठ दिवस त्याने ती उघडली नाही. जेवण जाईना. त्यात आपलं नाव असणार. नावापुढे तारीख असणार. दोन ते चार तो दुकानात थांबेनासा झाला. शटर लावून समोरच्या भजीवाल्याकडे बसायचा आणि शटरकडे बघायचा. मकबूलने दंडाला ताईत बांधला आणि वर म्हणाला, "अण्णा, पालच असेल."

नवव्या दिवशी, मकबूलला खांद्याशी उभं करून, विरुपाक्षने फाईल उघडली.

एवढंच लिहिलं होतं :

'विरुपाक्षा, चुना संपला आहे. नीलव्वाला सांगू नकोस, ती पानं मोजायला लागते. येताना एक डबी घेऊन ये.'