एकाच करंगळीचे नऊ फोटो

दीक्षा आणि नागसेन पहिल्यांदा भेटले ते पोह्यांच्या कढईपाशी, आणि भेटले तेही वाद घालतच.

जानेवारीतला दुसरा रविवार होता. नागपूरच्या नंदनवन भागातल्या सोबती मंडळाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या या दिवशी गरजू घरांसाठी किराण्याच्या पिशव्या भरल्या जायच्या, आणि भरणाऱ्यांसाठी तर्रीपोहे व्हायचे. दीक्षाने कढई उतरवायला हात घातला, फडकं सरकलं आणि अंगठ्याखाली चर्रकन पोळलं. मंडळाच्या अध्यक्ष शोभाताई डबा घेऊन धावल्या आणि त्यांनी बचकभर हळद थापली. तेवढ्यात मागून आवाज आला, "हळद काहून लावता? नळाखाली धरा हात. गार पाण्यात."

दीक्षाने वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि चेहऱ्यावर हसू असं, की जणू आपण याच्या लहानपणापासून ओळखीच्या आहोत!

"तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. रामदासपेठेत एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. रोज शंभर हात पाहतो मी." त्याने तिच्या पिवळ्या अंगठ्याकडे पाहिलं. "पण पहिल्याच भेटीत हळद लागलेला हात... हा पहिलाच."

बाई गं! दीक्षाला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण हात मात्र तिने मुकाट्याने नळाखाली धरला.

आता ही दीक्षा कशी, ते सांगायला हवं. मिहान औद्योगिक भागातल्या विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. पाच दिवस भिंगाखाली धातूतली चीर शोधायची, आणि सवय अशी जडलेली की रविवारीही भिंग खाली ठेवलं जात नसे. माणूस जरा गोड बोलला की हिच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. मंडळातही ती दोन वर्षांपूर्वी आली ती संशयानेच. ही दान करणारी माणसं खरंच चांगली असतात का, हे तिला जवळून पाहायचं होतं. माणसं चांगली निघाली, म्हणून ती राहिली. तरी हॉलमधली तिची बसायची जागा ठरलेली होती. शोभाताईंच्या टेबलामागच्या भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक जुनं कात्रण चौकटीत लावलेलं होतं. नवीकोरी सायकल धरून उभी असलेली दोन वेण्यांची मुलगी. मंडळाचा मोठा अभिमान तो. दीक्षा त्या भिंतीकडे पाठ करून बसायची.

मंडळाचा एक नियम होता. प्रत्येक पिशवी देताना घेणाऱ्याचा फोटो काढायचा, चेहऱ्यासकट. देणगीदारांना दाखवायला, आणि मंडळाच्या फेसबुक पानावर टाकायला. फोटो तपासायचं काम अर्थातच दीक्षाचं.

नाल्याकाठच्या गल्लीतली नऊ घरं कुणी घ्यायला तयार नसे. नागसेनने ती आपण होऊन मागून घेतली, आणि म्हणाला, "एकटाच जातो." संध्याकाळी त्याचे नऊ फोटो आले. नऊ पिशव्या, नऊ पातळं, आणि प्रत्येकीचा पदर नाकापर्यंत ओढलेला! दिसत होता तो फक्त पिशवी धरलेला हात.

दीक्षाने फोन लावला. "चेहरे कुठे आहेत?"

"लाजतात बाया. आणि ऊन पण होतं ना."

"जानेवारीत?"

"नागपूरचं ऊन आहे मॅडम, ते काय कॅलेंडर पाहून येते का?" मग जरा हळू आवाजात, "अंगठा कसा आहे?"

"आहे जागेवर," असं म्हणून तिने फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला — अंगठा कसा आहे? तिसऱ्या दिवशीही. अंगठा आठवड्यात बरा झाला, मागे एक गुलाबी खूण राहिली, फोन मात्र थांबले नाहीत. आणि दीक्षा? संध्याकाळी सातच्या सुमारास ती उगाच फोन हातात घेऊन गच्चीवर जायची. वाट पाहत नव्हती म्हणे. वारा खायला जायची!

फेब्रुवारीत पुन्हा तेच, नऊ पदर आणि नऊ हात. या वेळी तिने फोटो मोठा केला... आणखी मोठा केला. करंगळीचं टोक आत वळलेलं, मनगटावर गोंदलेले पाच हिरवे ठिपके. दुसऱ्या फोटोतही तीच करंगळी. तिसऱ्यातही. नवव्यातही. पातळं नऊ, पिशव्या नऊ, आणि बाई एकच!

मग तिला सकाळचं आठवलं. नागसेन परत आला तेव्हा त्याच्या गाडीच्या डिक्कीतून मंडळाचं नाव छापलेल्या पिशव्या डोकावत होत्या. रिकाम्या, नीट घडी घातलेल्या. म्हणजे किराणा कुठेतरी ओतून घेतला होता. म्हणजे इथे नक्कीच काहीतरी पाणी मुरत होतं.

शोभाताईंना सांगायला एक फोन पुरला असता. पण सांगितलं की नाल्याकाठची नऊ नावं त्याच दिवशी यादीतून जाणार. त्या घरांना खरंच काही मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. पण मिळत असेल तर? आणि तो... गोड बोलून फसवणारा निघाला तर? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त का टोचतो, याचा तिला भयंकर राग आला. त्या संध्याकाळी तिने त्याचा फोन उचलला नाही. तिने ठरवलं, मार्चमध्ये आपण आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

मार्चच्या रविवारी नागसेन नऊ पिशव्या ऑटोत टाकून निघाला आणि मागे अंतर राखून दीक्षाची स्कूटी. गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी लावली. पाहते तर काय, नऊच्या नऊ पिशव्या एकाच घरात गेल्या! निळं दार, पत्र्याचं छप्पर. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि अवकाळी पावसाने असं झोडपायला सुरुवात केली की तिला धावत त्याच घराच्या वळचणीला उभं राहावं लागलं. ओढणी भिजून गळ्याला चिकटली. खिडकी अर्धी उघडी होती.

"आत्या, करंगळी झाक वं!" नागसेनचा आवाज. "प्रत्येक फोटोत पुढे येऊन राहिली तुझी करंगळी."

"काय झाकू बापा? जन्मापासून वाकडी आहे ते. अन् हे हिरवं पातळ मांगच्या महिन्यात नेसली होती ना मी? मले आठवून राहिलं."

दीक्षाने दार ढकललं.

नाकापर्यंत पदर ओढून एक ठेंगणी म्हातारी मधोमध उभी होती, पलंगावर पातळांचा ढीग होता, आणि नागसेनच्या हातातला फोन तसाच वर राहिला होता.

"छान!" दीक्षा उंबऱ्यातच उभी होती. "रंगेहाथ सापडलात. कुठे विकता सामान?"

तो काही बोलायच्या आत मागच्या दाराने एक बाई आत आली. हातात साधी कापडी थैली, भिजलेली. तिने दीक्षाकडे पाहिलंच नाही. "भागीरथाबाई, साखर आली असन तर देता का?" असं शेजारणीसारखं सहज विचारलं. भागीरथा आत्याने पदर खाली केला आणि एका छापील पिशवीतलं सगळं, पीठ, डाळ, तेल, साखर, साबण, त्या कापडी थैलीत भरून दिलं. "घे सिंधूताई. अन् पोरीचं काय झालं?"

"येतेत पाहुणे येत्या बुधवारी." सिंधूताईंनी थैली पदराआड घेतली आणि आल्या तशा मागच्या दाराने गेल्या.

आत्याने रिकामी झालेली छापील पिशवी घडी घालून बाजूला ठेवली.

"तिच्या पोरीचं जमून राहिलं," आत्या म्हणाली. "पाहुण्याच्या मोबाईलवर तिच्या मायचा फोटो आला, पिशवी घेऊन हात पसरलेला, तं काय म्हणतीन ते? बाकीच्यायचं बी असंच काही ना काही. घेतात बिचाऱ्या, पण असं गावाले दाखवून नाई घेववत, बाई. मंग म्हटलं, माह्या काय फोटोले धाड भरली? माह्यं लगन झालं, म्हातारपण आलं. काढा लागेल तेवढे!"

दीक्षाने पलंगावरच्या पातळांच्या ढिगाकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"तपासणाऱ्या तुम्ही," नागसेन म्हणाला. "तुम्हाले सांगितलं असतं, तर तुम्हाले पण खोटं बोलावं लागलं असतं. ते मले नको होतं."

एवढं साधं उत्तर. त्यात चीर शोधायला तिच्याकडे भिंगच उरलं नाही. तिने ओढणी पिळली, ढिगातलं एक जांभळं पातळ उचललं आणि ड्रेसवरूनच गुंडाळलं. "एकच हात नऊ फोटोंत असला की कुणीही पकडेल. चार माझे काढा."

आत्या खळखळून हसली आणि चहा टाकायला आत गेली. नागसेनने पिशवी तिच्या हाती दिली, मग फार हळुवारपणे तिचा अंगठा आत वळवला. "खूण दिसून राहिली... हळदीची." त्याची बोटं गरज होती त्याहून जरा जास्त वेळ तिथे राहिली. तिने हात काढून घेतला नाही. पातळं बदलत चार फोटो झाले; जांभळ्यात अंगठा जरा सुटलाच, आणि पिशवी परत घेताना त्याने पुन्हा तिचा हात धरला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हॉलमध्ये तुम्ही त्या भिंतीकडे पाठ करून काहून बसता?"

आता मात्र तिने हात काढून घेतला. "पाऊस थांबला," ती म्हणाली आणि चहा न पिताच निघाली. पाऊस मुळीच थांबला नव्हता.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. शोभाताई मोठ्या पडद्यावर फोटो दाखवत होत्या. जांभळं पातळ आलं आणि त्यांचा हात थांबला. "अगं... ही अंगठ्याखालची खूण." त्यांनी चष्मा सारखा केला. "दीक्षा, यावर हळद मी लावली होती."

वीस माणसांच्या माना तिच्याकडे वळल्या. नागसेन ताडकन उभा राहिला. "ताई, चूक माझी आहे. बाया लाजतात, म्हणून फोटोत माझी आत्या उभी राहते आणि सामान तिच्या मागच्या दाराने त्यांच्या घरी पोचतं. माझं नाव काढून टाका. नऊ घरं तेवढी राहू द्या."

"कुठे काय पोचलं, हे मी कशावरून मानू?" शोभाताईंचा आवाज दुखावलेला होता. "देणगीदारांना काय दाखवू? नऊही नावं बंद करावी लागतील."

दीक्षा उठली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्या भिंतीकडे वळली. खिळ्यावरून चौकट काढून तिने टेबलावर ठेवली. "ताई, या मुलीचं नाव काय?"

"नाव? अगं, पंधरा वर्षं झाली..."

"खाली छापलंय. वाचा ना."

"गरजू विद्यार्थिनी," शोभाताईंनी वाचलं, "कुमारी दीक्षा देवाजी..." आणि त्यांचा आवाज तिथेच थांबला. इतकी वर्षं ते कात्रण तिथे होतं. नाव कुणी वाचलंच नव्हतं.

"सायकल फार सुंदर होती, ताई," दीक्षा म्हणाली. "मी रात्री उशाशी लावून झोपायची. पण हा फोटो पेपरात आला आणि वर्गातल्या मुली तिला दानाची सायकल म्हणायला लागल्या. चौथ्या दिवसापासून मी पायी जायला लागले. बाबांना रोज सांगायची, पंक्चर आहे. बाबा रोज संध्याकाळी चाकात हवा पाहायचे... त्यांना वाटायचं, आपल्यालाच पंक्चर सापडत नाही." ती रडली, सगळ्यांसमोर रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "तुम्ही चांगल्याच होता हो. फक्त विचारायचं राहिलं."

शोभाताईंनी चौकट दोन्ही हातांनी उचलून जवळून पाहिली. मग त्यांनी पडदा बंद केला. "फोटो आजपासून बंद. देणगीदारांशी मी बोलते. ज्याला खात्री हवी, त्याने यावं आणि माझ्यासोबत डाळ निवडावी." त्यांनी नागसेनकडे बोट रोखलं. "पण तू मोकळा सुटला नाहीस हं. पुढच्या महिन्यात तुझ्या आत्याकडे चहाला मी स्वतः येणार. मागच्या दाराने." त्यांनी चौकटीतून कात्रण सोडवलं, दीक्षाच्या हातात दिलं आणि तिला जवळ घेतलं.

बाहेर ऊन कलत होतं. नागसेन तिच्या स्कूटीपाशी थांबला होता.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"हाव. पहिल्याच दिवशी. तुमच्या डाव्या भुवईत चीर आहे ना, तशीच फोटोतल्या पोरीच्या भुवईत पण आहे. एक्स-रेवाल्याच्या नजरेतून सुटते का?"

"मग बोलला काहून नाही?"

"तुम्ही पाठ करून बसत होत्या. म्हटलं, वळायचं तेव्हा आपल्या मनानं वळतील." तो स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. "अजून एक. ते मी रोज अंगठ्याचं विचारत होतो ना... ते अंगठ्यासाठी नव्हतं. मले तुम्ही आवडता. फार आवडता."

"ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तपासनीस आहे मी." ती हसली. "मले बी तू आवडतो. म्हणून तर एवढा संशय घेतला."

नागसेनने चपलांवरून नजर उचलली. मग त्याने फोन काढला, आणि लगेच खाली केला. "एक फोटो काढू? नाही म्हटलं तर नाही."

पंधरा वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. तिने कात्रणाची घडी पर्समध्ये ठेवली, कपाळावरचे केस मागे सारले आणि मान वर केली. "काढ. आणि चेहरा येऊ दे."

त्याने काढला, पाहिला आणि ओशाळून हसला. रोज शंभर हात स्थिर धरून ठेवायला सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचाच हात हलला होता.

"पुन्हा काढ," दीक्षा म्हणाली. "मी कुठे पळून चालले?"