खरवडू नये, खोडावं

जेवणं उरकली होती. नणंद स्वतःच्या वहीवर फोन धरून बसली होती आणि फोन तिचं अक्षर वाचून छापील करून देत होता.

"कोंबडी नाचून गेल्यासारखं अक्षर तुझं," दीर म्हणाला, "आणि हा बिनतक्रार वाचतोय. याचा सत्कार करायला हवा."

नवी सून ताटं पुसता पुसता हसली. लग्नाला चार महिने झाले होते. या घरात कधी आणि किती हसायचं, याचा अंदाज आता कुठे येऊ लागला होता. नवरा रात्रपाळीला गेलेला. सासरे, म्हणजे नाना, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत. कारखान्यातल्या जुन्या क्रेनवाल्याला सकाळी शेवटचं पोहोचवून आले, तेव्हापासून तोंडातून शब्द नव्हता. एरवी आपल्या फोरमनकीच्या गोष्टींनी घराचे कान किटवणारा माणूस.

"अक्षरावरून माणूस ओळखतो का गं तो?" त्यांनी अचानक विचारलं.

"माणूस कसला ओळखतोय, नाना. नुसतं वाचतो."

"आमच्या कारखान्यातलं यंत्र ओळखायचं." नानांनी दिवा बारीक करायला लावला. "मध्ये बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे."

"बसा वहिनी," दीर म्हणाला. "नानांचं भूत ऐकून घ्या. नाहीतरी झोप कुठे लागणार आहे? ते झोपले की त्यांचं घोरणं चार भिंती ओलांडून येतं."

सून बसली. नाना सांगू लागले.

त्या माणसाला सगळे भिंगवाला म्हणत, कारण खिशात कायम एक भिंग. कारखाना मोडीत निघायच्या आधी तिथली चाळीस हजार जुनी ड्रॉइंगं कॉम्प्युटरमध्ये घालायची होती. त्या कामावर तो दोन वर्षं एकटा. दाराएवढा रुंद स्कॅनर होता. कागद रुळांमध्ये सारायचा, पलीकडून निघायचा. मग कॉम्प्युटर त्यावरच्या रेघा वाचायचा, आकडे वाचायचा, कडेला हाताने लिहिलेल्या टिपा वाचायचा. शंका आली की पिवळा चौकोन काढून विचारायचा, आणि भिंगवाला भिंग लावून उत्तर द्यायचा. असं करता करता यंत्राला एकेकाचं वळण पाठ झालं. नावं त्याला ठाऊक नव्हती, ते नंबर द्यायचं. हात एक, हात दोन, हात तीन. शेजारी खात्रीचे टक्के. शंभर टक्के मात्र कुणालाच द्यायचं नाही. शहाण्या माणसासारखं, थोडी जागा राखून बोलायचं.

हात दोन म्हणजे भिंगवाल्याचे वडील. हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

वडील तिथे ड्राफ्ट्समन होते. ड्रॉइंग ऑफिसात तेव्हा एक नियम होता. पातळ ट्रेसिंग कागदावर मूळ ड्रॉइंग शाईने काढायचं. आकडा चुकला तर ब्लेडने खरवडायचा नाही. एका रेघेने खोडायचा, खालचा वाचता येईल असा. शेजारी नवा लिहायचा, तारीख, सही. बाकीचे हळूच खरवडायचे, कोण बघतोय. या गृहस्थाने जन्मात खरवडलं नाही. खिशातलं अर्धं ब्लेड फक्त पेन्सिलीला टोक करायला.

अशात पत्रा दाबायच्या दोनशे टनांच्या प्रेसचं ड्रॉइंग त्याच्याकडे काढायला आलं. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी, आणि जाळीखाली पत्रा आत सारायला फट. ती हवी बारा मिलिमीटर. पत्रा जावा, बोट जाऊ नये. प्रत्यक्षात बसवली बेचाळीस. बेचाळीसमधून पंजा जातो. तिसऱ्या दिवशी एका कामगाराचे दोन्ही हात मनगटापर्यंत आत गेले आणि दोनशे टन खाली आले. हात पत्र्यावर राहिले. माणूस मागे पडला आणि तिथेच, ओरडत ओरडत, रक्त जाऊन रिकामा झाला.

खाली मशीनपाशी असायची ती ड्रॉइंगची छापलेली निळी प्रत. तिच्यावर बेचाळीस, आणि कोपऱ्यात ड्राफ्ट्समनची सही. झालं. पाच जण वर गेले. त्याला जिन्यावरून फरफटत आवारात आणला. गज होते, नटबोल्ट आवळायचे पाने होते. पहिल्याच घावाला जबडा तुटला, त्यामुळे बोलता येईना. त्याने डाव्या हाताने खिशातून ते अर्धं ब्लेड काढलं आणि वर धरलं. यांना वाटलं, भोसकतो आता. तो सांगत होता, खरवडलंय कुणीतरी. वर जाऊन ट्रेसिंग बघा. मग तो हात मोडला. मग दुसरा. मग मोडायला काही उरलं नाही, तरी मारतच होते.

नाना थांबले. पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला.

"पकडले गेले का ते?" नणंदेने विचारलं.

"नाही. अंधार होता. शिफ्ट बदलत होती. कुणी काही पाहिलं नाही."

अंधार होता, तर डावा हात दिसला कुणाला? सुनेच्या मनात आलं. पण चार महिन्यांच्या सुनेने विचारायचा तो प्रश्न नव्हता. तिने पदराला पुसलेले हात पुन्हा पुसले.

भिंगवाला तेव्हा आठ वर्षांचा. शाळेत पोरं त्याला 'हातखाऊचा' म्हणायची. आईने गाव सोडलं, पण असलं नाव माणसाच्या आधी मुक्कामाला पोहोचतं. मोठा झाल्यावर त्याने हे काम मागून घेतलं ते एवढ्यासाठी की ती ट्रेसिंग कुठेतरी असणार. बापाने बारा लिहिलं होतं, हे एकदा कागदावर दिसावं. बस. दोन वर्षं शोधली. मिळाली नाही.

आणि मग ती स्वतःहून चालून आली. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चमधला दुसरा गुरुवार. संध्याकाळी साडेपाचला मोठ्या साहेबांचा ड्रायव्हर आला. साहेब म्हणजे त्या वेळचे मुख्य इंजिनिअर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, कारखान्यामागच्या बंगल्यातच राहायचे. ड्रायव्हरने एक किल्ली दिली, एक चिठ्ठी दिली. 'माझ्या जुन्या केबिनमधलं कपाट. सर्वांत खालचा खण. एक ट्रेसिंग आहे. स्कॅन करू नये. साडेआठच्या आत घरी आणून द्यावी.'

आठवड्यापूर्वीच पाहुण्यांना यंत्र दाखवलं होतं, कागदाखाली उजेड सोडून खरवडलेली अक्षरंसुद्धा ते कसं वाचतं ते. साहेब पहिल्या रांगेत होते. चोराच्या मनात चांदणं.

भिंगवाल्याने खण उघडला. प्रेसची ट्रेसिंग. कोपऱ्यात बापाची सही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी त्याने ती रुळांमध्ये सारली. अर्धी आत गेल्यावर यंत्र थांबलं, फटीच्या आकड्यावर. पिवळा चौकोन आला. 'बेचाळीस. चार हा आकडा: हात चार. खात्री एक्क्याण्णव.' खाली दुसरा चौकोन. 'पृष्ठभाग खरवडलेला. खाली एक. बारा. हात दोन. खात्री सत्त्याण्णव.'

भिंगवाल्याने साहेबांची चिठ्ठी बाजूच्या छोट्या स्कॅनरवर ठेवली. यंत्र म्हणालं, 'हात चार.'

तो रडला. एकटाच, मोठ्याने. साडेआठ वाजून गेले तरी त्याला भान नव्हतं. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. 'ठीक.' ते दाबलं की नोंद मुख्य कचेरीत, तिथून सगळीकडे. मग साहेब काय, कुणीच ती मागे घेऊ शकलं नसतं.

त्याने बोट पुढे केलं. तेवढ्यात तिसरा चौकोन आला.

समासात. कोऱ्या समासात.

त्याने भिंग लावलं. कागदावर काही नव्हतं. चौकोनात मात्र एकेक अक्षर उमटत होतं. हात दोन. खात्री नव्व्याण्णव.

'मागे बघ.'

त्याने मान वळवली, आणि काठीचा पहिला घाव कानामागे बसायच्या ऐवजी खांद्यावर बसला.

साहेब. शहात्तर वर्षांचे. आवाज न करता आले होते. दुसरा घाव तोंडावर. दोन दात टेबलावर पडले. भिंगवाल्याने तरी हात बटणाकडे नेला. साहेबांनी ड्रॉइंग दाबून ठेवायचं लोखंडी वजन उचललं आणि त्या हातावर आणलं. एकदा. दोनदा. बोटं मोजून मोडावीत तसं. तो खाली कोसळला, तर दुसऱ्या हातावर बूट.

"त्याचा काय रे तू?" साहेब म्हणाले, अगदी शांतपणे. "डोळे तेच. बारा मिलिमीटर ठेवली असती तर दिवसाचे निम्मे पत्रे निघाले असते. कुणाला समजावून सांगणार?"

मग त्यांनी वजन त्याच्या डोक्यावर धरलं. पण आधी कागद. कागद नसता तर बाकी सगळं निस्तरता आलं असतं. ते वळले आणि स्कॅनरमध्ये अडकलेली ट्रेसिंग दोन्ही हातांनी ओढू लागले.

कागद येईना.

पलीकडून कुणी धरल्यासारखा.

स्कॅनरच्या रुळांमधली फट दोन मिलिमीटर. कागद जातो. बोट… बोट जाऊच शकत नाही.

रूळ फिरू लागले.

भिंगवाल्याने जमिनीवरून पाहिलं. बोटांची टोकं आत गेली. मग पेरं. साहेब ओरडले, मागे रेटू लागले, पायाने टेबल ढकललं. रूळ सावकाश फिरत होते, ड्रॉइंग नीट वाचावं तसे. तळवे गेले. हाडांचा आवाज… वाळलेल्या काटक्यांचा. मनगटं गेली.

मग थांबले. बरोबर मनगटाला.

आणि पडद्यावर चौकोन आला.

'हात चार. खात्री शंभर टक्के.'

नणंदेने फोन उपडा ठेवला. दिराने पाय वर घेतले होते.

"मेले?" त्याने हळूच विचारलं.

"पहाटे. डॉक्टर म्हणाले, मोठ्या प्रेसखाली हात सापडलेत. पोलिसांनी स्कॅनर उघडला. फट मोजली. दोन मिलिमीटर. रुळांवर रक्ताचा थेंब नाही." नाना खिडकीबाहेर बघत होते. "आणि नोंद गेली होती. आठ बावन्नला. भिंगवाल्याची सात बोटं मोडलेली, तो जमिनीवर. 'ठीक' कुणी दाबलं? तपासणाऱ्याच्या रकान्यात सही होती. बापाची."

"डाग निघाला ना पण त्यांच्या नावावरचा? वडिलांच्या?" नणंद म्हणाली.

"निघाला. मी हॉस्पिटलात गेलो होतो त्याला भेटायला. सगळं त्यानेच सांगितलं. आणि हे दिलं. म्हणाला, समासात यंत्राने अजून थोडं वाचलंय, छापून घेतलंय, तुमच्याकडे असू द्या."

नानांनी चष्म्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला. दिव्याशी धरला. पाच ओळी होत्या. वेल्डर. फिटर. स्टोअरवाला. क्रेनवाला. चारही एकेका रेघेने खोडलेल्या, खालचं वाचता येईल अशा. शेजारी तारीख, छोटी सही. क्रेनवाल्याशेजारची तारीख कालची. पाचव्या ओळीवर नानांचा अंगठा होता.

"दिला तेव्हा एकही खोडलेली नव्हती," ते म्हणाले.

"मग तुम्ही खोडल्यात?"

"मी नाही."

"तुमच्याकडेच का दिला पण त्याने?" दिराने विचारलं.

नानांनी कागदाची घडी घातली. अंगठा न हलवता.

"कारण मी माफी मागायला गेलो होतो," ते म्हणाले. मग चष्मा काढून ठेवत, "तो म्हणाला, माझ्याकडे कशाला मागता… झोपा आता."

सगळे उठले. सून सगळ्यांत शेवटी आडवी झाली. तिला झोप लागली नाही. अकरा वीसला ती पाण्यासाठी उठली, आणि अर्धा पेला पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला पाण्याचा आवाज ऐकू येतोय. भिंतीवरच्या घड्याळाचाही. या घरात रात्री तो कधी ऐकू यायचा नाही.

नानांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून काहीच येत नव्हतं.

खिडकीपाशी, खुर्चीच्या हातावर चष्मा होता. चष्म्याखाली तो कागद, उलगडलेला. तिने दिवा जवळ नेला.

पाचवी ओळ. फोरमन.

त्यावर एक सरळ रेघ. खालचं वाचता येत होतं. शेजारी तारीख, आजची. सही.

तिने रेघेवर बोट टेकवलं, आणि बोटाला शाई लागली.