गाणं बंद, तरी ‘ढप्प’!

“अहो मावशी, गाणं तर बंद आहे! मग ढप्प कुठून आलं?” गाडीतल्या शेजारच्या सीटवरून शंका ओरडली.

शंकाचं खरं नाव काहीही असो, दिवसाला पन्नास प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार? सुट्टी लागल्यापासून तिचा मुक्काम शेजारच्या फुटपट्टी आणि भोंगा या बहीण-भावाकडेच होता. फुटपट्टीच्या खिशात कायम मोजायची टेप असायची. आणि भोंगा बोलायला लागला की झाडावरचे पक्षी उडायचे!

आज तिघं फुटपट्टी-भोंग्याच्या मावशीच्या रोपवाटिकेत आले होते. कारणही तसंच होतं. मावशीने स्वतःची पिकअप घेतली होती! छोटी, निळी, दोन सीटची! उद्या सकाळी ती रोपं भरून पहिल्यांदाच एकटी घाट उतरून जाणार होती आणि परवा परतणार होती. सोबतीला गाणी हवीत म्हणून फिटरकाकांनी कालच तिच्या सीटमागे सबवूफरचा, म्हणजे खोल बेस घुमवणाऱ्या स्पीकरचा, बॉक्स बसवला होता.

“छातीत घुमेल असा आवाज!” काका म्हणाले होते. घुमणं सोडाच, गाणं लावलं की बेस पांघरुणात शिरल्यासारखा वाटायचा. उलट ब्रेक मारून गाडी पुन्हा निघाली की मागून ‘ढप्प!’

“अगं, बेसचाच आवाज तो,” मावशी म्हणाली. “काका म्हणतात बॉक्स लहान पडला. आत्ता येतीलच मोठा घेऊन.”

“बंद गाण्याचा बेस?” शंकाने डोळे बारीक केले. “आणि तुमची सीट का डुलतेय?”

“नवी गाडी आहे, होईल सवय!”

मावशी रोपांना पाणी घालायला गेली आणि तिघांनी पिकअपचा ताबा घेतला. फुटपट्टीने खडू काढून ड्रायव्हरच्या सीटवर आणि खालच्या पट्टीवर मिळून एकच सरळ रेघ ओढली.

“हे काय? गाडीला तीट लावतेस?” भोंग्याने विचारलं.

“गप रे! सीट जागची हलली, तर रेघ तुटेल.”

मावशी आल्यावर त्यांनी तिला मस्का लावून अंगणातच एक फेरी मारायला लावली. बसताना मावशीने सीट मागे रेटून पाहिली. ती आधीच बॉक्सला टेकलेली होती, पण खटका बसल्याचा ‘कट्’ काही ऐकू आला नाही. शंकाने कान टवकारले. गाडी सुटली. ब्रेक! सीट सर्रकन पुढे! गाडी पुन्हा निघाली आणि ढप्प! सीट बॉक्सवर आदळली.

“थांबव, मावशी! थांबव!” भोंगा असा काही ओरडला की मावशीने पुन्हा कच्चकन ब्रेक दाबला.

फुटपट्टी धावत आली. खडूच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. मधे चांगलं चार बोटांचं अंतर!

“मावशी, तुझी सीट अडकलेलीच नाही. बॉक्स आडवा येतोय, म्हणून खटका बसत नाही!” फुटपट्टी म्हणाली. “उद्या घाटात...”

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात फिटरकाका फटफटीवरून आलेच, मागे भलामोठा बॉक्स बांधून!

“पोरांनो, बाजूला व्हा. हे मोठ्यांचं काम आहे. माप मी स्वतः घेतलंय, एक सेंटिमीटरही चुकायचं नाही!”

आता चिडून भांडलं असतं तर काकांनी ऐकलं असतं थोडंच! शंकाने साळसूद चेहरा केला. “काका, एवढं अचूक माप तुम्ही घेता तरी कसं? दाखवा ना आम्हाला!”

काका खूश! ते सीटवर बसले. उंचीने बेताचे, त्यामुळे पाय पोचावेत म्हणून त्यांनी सवयीने सीट ओढून पुढे घेतली. ‘कट्!’ मग मागे टेप धरून ऐटीत म्हणाले, “बावीस सेंटिमीटर मोकळे होते. आपला बॉक्स वीसचा. फिट्ट!”

“आता मावशी, तू बस,” फुटपट्टी म्हणाली. “पण आधी काका, बॉक्स बाहेर काढा.”

बॉक्स निघाला. उंचपुऱ्या मावशीने सीट तिच्या जागी मागे घेतली. ‘कट्!’ टेपवर आकडा आला चौदा.

“काका, गाडी कोण चालवणार आहे?” शंकाने विचारलं.

काकांनी टेपकडे पाहिलं, मावशीच्या पायांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा! गेली वीस वर्षं मी माझ्याच पायांनी माप घेतोय!”

“आणि बेस का मेला, तेही सांगू?” भोंग्याने सीटच्या गादीत तोंड खुपसून आरोळी ठोकली. बाहेर नुसतं ‘हम्फ’ ऐकू आलं. “स्पीकरचं तोंड असंच गादीत होतं!”

“खरंय रे,” काका पुटपुटले. “पण बॉक्स पातळ केला तर आत हवा कमी पडेल. मग बेस कसला घुमतोय!”

फुटपट्टीने टेप उलगडली. “पातळ करा, पण लांब करा! वीसच्या जागी बारा जाडी आणि साठच्या जागी शंभर लांबी. उंची तीच. हवाही तेवढीच! केबिनच्या मागच्या भिंतीला आडवा लावा, आणि स्पीकर मधोमध, दोन सीटच्या फटीत. समोर गादीच नाही!”

काकांनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. “बरोबर आहे की गं! स्पीकरही चपटाच आहे, आरामात बसेल.”

मग काय विचारता! फळी कापली, स्क्रू पिळले, भोंग्याने सूचना देऊन सगळ्यांचं डोकं उठवलं. संध्याकाळी बॉक्स भिंतीला घट्ट बसला. मावशीने सीट मागे घेतली. ‘कट्!’ फेरी मारली, जोरात ब्रेक दाबला. सीट जागची हलली नाही! फुटपट्टीची नवी रेघ अखंड होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग गाणं लागलं आणि बेस असा घुमला की भोंगासुद्धा गप्प झाला!

काकांनी कान पकडले. “पोरांनो, मघाशी बाजूला व्हा म्हणालो, ते मागे घेतो. तुम्ही होतात म्हणून वाचलो. आजपासून गाडी चालवणाऱ्याला सीटवर बसवल्याशिवाय मी टेप काढणार नाही!”

मावशीने तिघांना जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

“मावशी, रडतेस का?” शंकाने विचारलं.

“हो, रडतेय,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “उद्या पाय ब्रेकवर असताना सीट सरकली असती, तर मी घरी आले असते की नाही कोण जाणे. आता येईन. परवा संध्याकाळी फाटकापाशी उभे राहा तिघं, मी येतेय!”