बोजाऱ्याची पानं

ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात भाताची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बाया दिसण्याआधी ऐकू येतात. त्या आषाढातही वच्छलाने पहिली ओळ उचलली, अकरा गळ्यांनी ती झेलली आणि पाण्याने भरलेल्या बांधीवरचे बगळे उडाले. पण बाया चिखलात उतरल्या नव्हत्या. शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसून, हात मांडीत घेऊन गात होत्या.

कारण बोजारा. रोवणी सरली की मालकाने बायांना वडे-खीर पोटभर वाढायची, एकेक साडी द्यायची, ही पिढ्यांची चाल. या बांधीचे मालक बापूराव, त्यांनी ती तीन सालांपासून मोडली होती आणि मजुरीही वाढवली नव्हती. यंदा वच्छलाच्या गटाने हात आखडले. तेव्हा बापूरावांनी धान लावायचं यंत्र आणलं.

"पाहून घ्या वच्छलाबाई, हे बोजारा मांगत नाई."

"मांगत नाई मालक, पन गानं बी म्हनत नाई!" दिव्यानी म्हणाली. गटातली सगळ्यात तोंडाळ तीच. बाया पदरात तोंड खुपसून हसल्या.

वच्छलाही हसली, पण यंत्र जमलं तर पुढच्या साली एकही मालक आपल्याला हाक मारणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

यंत्र जमलं. दुपारपर्यंत बांधी हिरवीगार, ओळी दोरी धरल्यासारख्या. यंत्रवाला पियुष मोहाच्या झाडाच्या सावलीत चहा घ्यायला बसला. बायांनी भाकरी सोडल्या. वच्छलाने पाणी प्यायला मान वर केली, खाली केली.

बांधी रिकामी होती.

पाणी संथ. त्यात आभाळ जसंच्या तसं. समोरच्या धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या, जुड्या रचलेल्या, मुळं स्वच्छ धुतलेली, आणि प्रत्येक जुडी बाया बांधतात तशीच बांधलेली.

"कोनं केलं हे?"

"आमी तं तुमच्यापुढं भाकर खाऊन राह्यलो, मालक."

बापूरावांनी बायांचे पाय पाहिले. कोरडे ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी यंत्राने पुन्हा रोवलं. बापूराव स्वतः खुर्ची टाकून, छत्री धरून बसले. दुपारपर्यंत डोळ्याची पापणी हलवली नाही म्हणतात. मग त्यांना शिंक आली.

डोळे उघडले तेव्हा जुड्या धुऱ्यावर होत्या.

पियुषने यंत्र गाडीवर चढवलं. "काका, मले नाई जमत," एवढंच बोलला आणि गेला.

बाया मात्र हसून हसून लोळल्या. दिव्यानीने तर बापूरावांच्या शिंकेचं गाणंच बांधलं.

तिसऱ्या दिवशी बापूराव धुऱ्यावर आले. पऱ्हे जून होत चालले होते. "बोजारा देतो. मजुरी बी वाढवतो. उतरा आता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा वच्छलाबाई, काय केलं तुमी?"

"काईच नाई मालक. गानं म्हटलं."

बाया चिखलात उतरल्या त्या नाचतच. दिव्यानीने चिखल उडवला, कुणी तिला पाण्यात बसवलं. बापूरावांच्या घरून वड्यांचा वास येऊ लागला. वच्छलाने ओळ उचलली, वाकली, पहिलं रोप चिखलात दाबलं.

खालून ते कुणीतरी घेतलं.

ओढलं नाही. दुसरीच्या कडेवरचं लेकरू घ्यावं तसं, अलगद.

दुसरं रोपही घेतलं. तिसरंही.

शेजारी दिव्यानीचा सूर अडखळला. मनगटापर्यंत हात चिखलात, डोळे वच्छलाकडे.

"वच्छलाबाई..."

"म्हन, म्हन. गानं तोडू नको."

दिव्यानी म्हणू लागली. बाराही जणी म्हणू लागल्या, कधी नव्हे इतक्या मोकळ्या गळ्याने.

वच्छलाची जुडी संपली. हाताच्या सवयीने रिकामी बोटंच चिखलात गेली. खाली क्षणभर चाचपणं झालं, गार काचेच्या बांगड्या लागल्या, आणि त्या हाताने तिची बोटं मैत्रिणीसारखी धरली.

धुऱ्यावरून बापूरावांनी हाक दिली, "वच्छलाबाई, बोजाऱ्याले पानं किती मांडू?"

तिने हात सोडवला नाही.

"मांडत राहा मालक," ती म्हणाली. "मी थांबा म्हनल्याशिवाय थांबू नका."