लाल फडक्यातला ट्रान्सफॉर्मर

खरं सांगते, त्या दिवशी मी चक्क एका ट्रान्सफॉर्मरला नमस्कार केला.

त्र्याहत्तरची चैत्रातली यात्रा. येरमाळ्याहून कळंबला निघालेली एसटी खच्चून भरलेली. शेजारच्या माणसाच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. दोन्ही हातांनी इतकं जपून धरलेलं, की मला वाटलं, येडाई देवीचा मुखवटा असणार. मी हात जोडले, डोळेसुद्धा मिटले. तो पार ओशाळला. मग हळूच म्हणाला,

“बाई, देव न्हाय... ट्रान्सफॉर्मर हाय.”

वर हसला. गालाला खळी पडत होती मेल्याच्या.

त्याचं नाव व्यंकट. कळंबच्या सहकारी जिनिंगमध्ये वायरमन. त्याला त्या ट्रान्सफॉर्मरमधून एलिमिनेटर बनवायचा होता, म्हणजे सेलवरचा रेडिओ घरच्या लाईटीवर चालवायचा डबा. आयुष्यात पहिल्यांदाच. मी म्हटलं, मी शिकवते त्या शाळेत रेडिओ आहे, पण सेलांअभावी चार महिने मुका पडलाय. दुष्काळात पोरांना खायला सुकडी वेळेवर येते हेच खूप. तर म्हणाला, शनिवारी शाळा सुटल्यावर येतो.

आला की! वर्गातच बसकण मारली, वायरी पसरल्या. कथलाचा डाग देऊन वायर जोडताना त्याचा हात जरासुद्धा हलायचा नाही. मी वह्या तपासायचं सोंग घेऊन ते हातच बघत बसले.

“लाईटीतली वीज घडीत पुढं, घडीत मागं,” तो सांगत होता. “रेडिओला तसं चालत न्हाय. ह्यो डायोड तिला एकाच बाजूनं जाऊ देतो.”

“माणसांसाठी मिळतो का हो असला?” मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. तो खाली वाकून वायर सोलायला लागला.

पहिल्या शनिवारी रेडिओ नुसता घुमला. ती घुंई घालवणारा कंडेन्सर लावायचाच राहिला होता. दुसऱ्या शनिवारी लावला, तर उलटा! फट्दिशी फुटला आणि वर्गभर धूर. मी घाबरून बाकामागं. आणि हा? खिडक्या उघडल्या, खिशातली वही काढली आणि शांतपणे लिहिलं : ‘कंडेन्सर उलटा. चूक माझी.’ मागची पानंही तसलीच, सगळ्या चुका तारखेसकट. पोरांना चुकीबद्दल छड्या मारणारी मी... मला माझीच लाज वाटली. त्या धुरातच मला तो आवडला. उगाच कशाला लपवू?

घरी मात्र फळीवर जळकोटच्या पाव्हण्यांचं पत्र पडलेलं. मुलगी बघायला कधी येऊ, म्हणून विचारलं होतं. सोमवारच्या टपालानं उत्तर टाकायचं, असं बाबा म्हणत होते. व्यंकटनं त्याआधी तोंड उघडलं नसतं, तर मी गेलेच होते जळकोटला.

तिसऱ्या शनिवारी त्यानं बटण दाबलं. खरखर नाही, घुंई नाही. बाजारभाव सांगणारा माणूस जणू वर्गातच येऊन बसला. व्यंकटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“जुळलं?” मी विचारलं.

“जुळलं, बाई.”

“आमच्या घरी पण जुळवाजुळव चाललीय,” मी म्हटलं. “जळकोटला. परवा बाबा कार्ड टाकतील.”

त्यानं रेडिओ बंद केला. मग सगळ्या वायरी गोळा केल्या, ‘येतो’ म्हणाला आणि निघून गेला. बस्स, एवढंच! रात्रभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

ऐतवारी सकाळी दारात व्यंकट, शेजारी त्याची आई विठाबाई. बाबा म्हणाले, “आमची लाईट तर चालू हाय.” विठाबाई हसल्या, म्हणाल्या, लाईटीचं काम न्हाय, पोरीचं हाय. त्या बाबांबरोबर आत बसल्या. मी पाणी घेऊन आले तेव्हा व्यंकट ओसरीतच घुटमळत होता.

“डायोड बसवून आलोय,” तो पुटपुटला. “आता मागं फिरत न्हाय... चांगुणा.”

‘बाई’ गळून पडलं होतं. तांब्यातलं अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

थोड्या वेळानं बाबा कोरं कार्ड घेऊन बाहेर आले. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्या ओल्या पायांकडं.

“पोरी, जळकोटला काय लिहू?”

मी मान खाली घातली, पण आवाज मात्र वर्गातला लागला.

“लिहा, जुळलंय म्हणून. इथंच.”