जिन्यावरची बाई

रविवारी दुपारी जेवण उरकून चष्मेवाली घराबाहेर पडली, तेव्हा तिच्या पिशवीत एक जुनी व्हिडिओ कॅसेट होती आणि डोक्यात धाकटा भाऊ. कॅसेट डॉक्टरांकडे न्यायची होती. भावालाही तिने तिथेच बोलावलं होतं.

तिचं चष्म्याचं दुकान, म्हणून सिनेमावेड्यांच्या ग्रुपमध्ये सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. शेकडो माणसं होती त्या ग्रुपवर, आणि बरेच दिवस तिथे एकाच गोष्टीवरून रण माजलं होतं. एक जुना कृष्णधवल भुताचा सिनेमा साफसूफ होऊन नव्याने डिस्कवर आला होता. ओरखडे गेले, डाग गेले, आवाजातली खरखर गेली, आणि त्यांच्याबरोबर जिन्यावरची बाईही गेली.

नायक दार उघडून दिवाणखान्यात येतो. 'दिवाणखान्यात कोणी नाही,' तो स्वतःशीच म्हणतो. मात्र त्याच्यामागच्या जिन्यावर एक बाई पाठमोरी उभी असते, कंबरेखाली गेलेले केस मोकळे सोडून. त्याला ती दिसत नाही, आपल्याला दिसते. बस, एवढंच. पण या एवढ्याशा दृश्याने किती घरांतली पोरं रात्री एकटी पाणी प्यायला उठेनाशी झाली होती! आणि नव्या डिस्कमध्ये तो जिना चक्क रिकामा.

लोक खवळले. ज्याने ही साफसफाई केली, त्याचं नाव 'खाटीक' पडलं. हा खाटीक म्हणजे आपला सख्खा भाऊ, हे चष्मेवालीने कोणालाच सांगितलं नव्हतं. लोकांच्या शिव्या वाचून तिला रडू यायचं, आणि मनातून तिलाही त्याचा राग आलेला होता. शेवटी तिनेच त्याला फोन करून डॉक्टरांचा पत्ता दिला. म्हणाली, "ये आणि काय ते तोंडावर सांग."

डॉक्टर ग्रुपमधलेच, दातांचे. खाली दवाखाना, वर घर. जिना चढतानाच लवंगेच्या तेलाचा वास यायचा. वर पडदे ओढून अंधार केलेला होता, आणि भला मोठा टीव्ही, त्याखाली कॅसेटचं जुनं यंत्र आणि डिस्कचं नवं. ग्रुपमधलेच रेडिओकाका आधीच येऊन बसले होते. उभा जन्म रेडिओवर निवेदन करण्यात गेलेला, त्यामुळे पाणी मागितलं तरी बातमी दिल्यासारखं वाटे.

"मी परत सांगतो," काका म्हणाले, "ती सगळ्यात वरच्या पायरीवर आहे."

"काका, वळणावर आहे हो," डॉक्टर म्हणाले. "हजारदा पाहिलंय मी."

"दोघंही चुकताय," चष्मेवाली हसत म्हणाली. "खालच्या पायरीवर आहे. कठड्याला टेकून."

हा वाद ग्रुपवर जुनाच होता. आज तिघांच्याही कॅसेट एकत्र आल्या होत्या, आणि तिघांचेही डोळे लहान मुलांसारखे चमकत होते.

आधी काकांची लावली. सर्वांत जुनी, टीव्हीवरून भरून घेतलेली. चित्र थरथरत होतं, पण बाई होती, अगदी वरच्या पायरीवर. काकांनी मांडीवर थाप मारली. मग डॉक्टरांची, नंतर कधीतरी बाजारातून घेतलेली. बाई वळणावर होती. चष्मेवालीची कॅसेट सगळ्यांत अलीकडची. तिच्यात बाई शेवटच्या पायरीवर, तशीच पाठमोरी.

"म्हणजे तीन वेगवेगळी चित्रणं आहेत!" डॉक्टर उठून उभेच राहिले. "तीन, काका. आजवर कोणाला कसं कळलं नाही? ग्रुपवर टाकलं तर गहजब होईल."

"थांबा," काका म्हणाले. "नायकाकडे बघा. तिन्ही वेळा दार उघडताना त्याचा मफलर खांद्यावरून तसाच घसरतोय. एकच चित्रण आहे हे."

परत लावून पाहिलं. मफलर तिन्हीकडे तसाच घसरत होता. दारामागे पडदा हलत होता तोही तसाच. फक्त बाई...

तेवढ्यात बेल वाजली.

धाकटा दारात उभा होता. वाळला होता. चष्मेवालीने एका दमात सांगून टाकलं, "हा माझा भाऊ. तुम्ही ज्याला खाटीक म्हणता, तो हाच."

मग डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली आणि त्यांच्या बायकोने, वहिनींनी, चहा. काका खाकरून म्हणाले, "माफ कर बाबा. मीही दोन-चार वेळा लिहिलंय. पण का काढलीस तिला?"

"मी बाई काढली नाही, काका," धाकटा म्हणाला. "मला ती सापडलीच नाही. लहानपणी तो प्रसंग आला की मी स्वयंपाकघरात पळायचो, म्हणून मी तिला कधी पाहिलंच नाही. मूळ रीळ आलं तेव्हा मोठ्या उत्सुकतेने तिला बघायला बसलो. जिना रिकामा होता."

"मग तू काय साफ केलंस?" चष्मेवालीने विचारलं.

"केस काढला."

"केस?"

"कॅमेऱ्यात केस अडकतो ना, ताई, आणि चित्राच्या कडेला लोंबताना दिसतो. जुन्या सिनेमांत नेहमीचं आहे. तसा इथे खालच्या कडेला होता. पण एक केस नव्हता... झुपका होता. आणि चित्र पुढे सरकेल तसा वर येत होता."

काका हळूच म्हणाले, "वरची पायरी... वळण... खालची पायरी..." आणि त्यांनी टीव्हीच्या काचेकडे पाहिलं.

"मी डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांना सांगितलं होतं, हे आपण साफ करून टाकलं तेच बरं," धाकटा म्हणाला. "पण तुमचं भांडण त्यांच्यापर्यंत पोचलं. आता तुमच्या म्हणण्याप्रमाणे, काहीही न पुसलेली प्रत काढलीय. आज सकाळपासून दुकानांत आहे." त्याने खिशातून डिस्क काढली. "बघायची असेल तर बघा. मी तिकडे बघणार नाही."

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी तिघांनाही नुसतं स्फुरण चढलं होतं. इतकी वर्षं जिच्यावरून भांडलो, तिचं मूळ रीळ आपल्या घरात चालून आलंय! डॉक्टरांनी डिस्क आत सरकवली.

दार उघडलं. मफलर घसरला. जिना रिकामा होता. आणि चित्राच्या खालच्या कडेवरून काळं काहीतरी वर येऊ लागलं. केसच ते. अगदी कॅमेऱ्यापाशी पाठ करून उभं असलेलं कोणीतरी सावकाश उठावं तसे. मधोमध भांगाची पांढरी रेघ दिसली.

"थांबवा," चष्मेवाली म्हणाली.

डॉक्टरांनी चित्र थांबवलं. ती टीव्हीजवळ गेली. काचेवर एक केस चिकटला होता. चित्रातून निघून टीव्हीच्या काळ्या चौकटीवर आला होता आणि तिथून खाली लोंबत होता. दिवसभर काचा पुसणारी बाई ती. पिशवीतला पुसायचा कपडा काढून तिने तो सहज पुसला. गेला नाही. मग चिमटीत धरला. केस गार होता, ओला होता.

"ताई... हात नको लावूस."

पण तिने ओढलाच होता. हलकेच, कपड्यावरचा धागा ओढावा तसा. केस ताठ झाला. दुसरीकडून कोणीतरी मान आखडून धरली होती. चित्र थांबलेलं होतं, नायक दारातच गोठला होता, मफलर अर्ध्यावर होता. फक्त भांगाची रेघ हलली. हळूहळू ती एका बाजूला सरकली, आणि कानाची पाळी दिसू लागली...

काकांनी तार खेचली. टीव्ही काळा पडला. चष्मेवालीच्या बोटांत केसाचा तुकडा राहिला होता. वहिनींनी पडदे बाजूला केले, खोलीत दुपारचं ऊन आलं. डॉक्टर हातातल्या रिमोटकडे बघत बसले होते.

मग फोन वाजू लागले. तिघांचेही. ग्रुपवर जल्लोष चालला होता. 'जिंकलो!' 'न पुसलेली प्रत आली!' 'घरी आणली, आता सगळे मिळून बघतोय!' लोक डिस्कचे फोटो टाकत होते. खाटकाची कोणीतरी माफीही मागितली होती. चष्मेवाली लिहू लागली, 'तो प्रसंग बघू नका.' तेवढ्यात एका सभासदाचा निरोप आला, ग्रुपवर नेहमी हसवणारा माणूस:

'काय खरं दिसतंय! केस टीव्हीच्या बाहेर आल्यासारखा वाटतोय. आमची धाकटी धरून ओढतेय, सोडतच नाही.'

तिने लिहिलेलं सगळं पुसलं आणि फक्त 'ओढू देऊ नका' एवढंच पाठवलं. धाकटा तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्या माणसाच्या नावाखाली 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. मग बंद झालं. मग परत दिसलं.

'निघाला,' त्याने लिहिलं.

आणि लगेच त्याच्याच फोनवरून आणखी एक ओळ आली:

'दिवाणखान्यात कोणी नाही.'