डोणीतलं पाणी

शेठ म्हणजे आमचा कुत्रा. रंग चहाचा, पोट सुटलेलं, आणि चाल अशी की नवीन पनवेलचे निम्मे प्लॉट याच्याच नावावर असावेत. खोड एकच. घरातल्या फिल्टरच्या पाण्याकडे औषधासारखं बघतो आणि बाहेर पडला की गटार, डबकं, धुतलेल्या रिक्षाखालचा ओघळ, सगळं त्याला उसाच्या रसासारखं गोड.

मागच्या पावसाळ्यात या चैनीपायी त्याला लेप्टो झाला. पाच किलो उतरला, सलाईनवर जगला. डॉक्टर म्हणाले, "ताई, उंदरांनी घाण केलेलं पाणी हे. किडनीनं एकदा सोसलं. पुन्हा सोसणार नाही." तेव्हापासून माझ्या खांद्याला बाटली आणि हातात आखूड पट्टा. माझा नवरा दीपेश मला 'पाणीपुरवठा विभाग' म्हणतो. म्हणू दे. मला शेठ जिवंत हवाय.

तर त्या संध्याकाळी मी विचुंब्याला गोदूबाईकडे शिराळी आणायला निघाले होते. गणपती होऊन गेले होते, पावसानं उघडीप दिली होती. शेठ रस्त्याच्या मधोमध चालत होता. दिवे लागायच्या सुमारास आम्ही वाटेतल्या, एरवी बंद असणाऱ्या कौलारू घरापाशी आलो आणि पट्ट्याची कडी सुटली. फाटक उघडं होतं. शेठ आत.

आत एक दगडी डोणी आहे, गुरांना पाणी पाजायची. तीत काय साठलं असेल ते मला लांबूनही कळत होतं. मी धावले.

झाडांखाली अंधार आधीच जमला होता. रातकिडे गप्प. शेवाळाचा वास, आणि त्यात मिसळलेला खोबरेल तेलाचा. मग आवाज आला... दगडावर तांब्या घासल्याचा. खर्र... आणि पाणी ओतल्याचा. पुन्हा खर्र...

डोणीपाशी एक म्हातारी वाकली होती. फिक्या रंगाची साडी, डोक्यावरून पदर. शेठ तिच्या पायाशी शहाण्यासारखा बसला होता. हा प्राणी माझ्यासमोर कधी असा बसलेला नाही.

"घाबरू नकोस," ती हळूच म्हणाली. "डोणी रिकामी केलीय... नाही प्यायला तो."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या पायाच पडले असते. "तुम्ही कशाला त्रास घेतलात, आजी?"

"आमच्यात घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. सगळं ओतायचं... ते राहिलंय." तिनं ओटीकडे बोट दाखवलं. "पिंप माझ्यानं हलत नाही. हात लावतेस?"

सुतकातल्या घरात नाही कसं म्हणणार? मी पदर खोचून पिंप कलंडवलं. पाणी असं गार की बोटं बधिरली. ते माझ्या पायांवरून धो धो वाहत अंगणात गेलं. "कोण गेलं हो?" मी विचारलं. ती शेठचे कान कुरवाळत राहिली. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन शेठला पाजलं आणि निघाले.

गोदूबाई भाजी आवरत होती. मी म्हटलं, "त्या कौलारू घरात कोण वारलं?"

"कोन वारनार? घर बंद हाय." मग मी सगळं सांगितलं, तशी तिच्या हातातली शिराळी टोपलीत पडली. "अबीगेलबाय ती," ती कुजबुजली. "इस्रायली लोकांची, आपल्या हितल्या ज्यूंची. गेल्या साली गेली, एकलीच. पोरं परदेशी. नातेवाईक आले, ते कबरस्तानावरनंच परत गेले. घरातला पानी कोनी ओतलाच नाय."

मी खाली पाहिलं. माझ्या चपला कोरड्या ठणठणीत होत्या. साडीही.

शेठची हनुवटी मात्र ओली होती. माझ्या बाटलीनं, की डोणीनं?

आम्ही दोघी मोबाईलचा टॉर्च घेऊन परत गेलो. डोणी काठोकाठ भरलेली. हिरवं पाणी, त्यात फुगलेला उंदीर. ओटीवर पिंप सरळ उभं आणि भरलेलं. भुताची भीती मला तिथं वाटलीच नाही, खरंच सांगते. माझ्या डोक्यात एकच, हे पाणी शेठच्या पोटात गेलं असेल तर?

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रक्त तपासलं, थांबून पुन्हा तपासलं. शेठ पलंगावर पडून माझ्या हातचा भात खात होता आणि मी त्याच्या नाकाला हात लावून लावून त्याला वैताग आणत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही नाही त्याला. वजन तेवढं कमी करा." मी दवाखान्यातच रडले. दीपेशनं पेढे वाटले.

त्या रविवारी भर दुपारी गोदूबाई आणि मी त्या घरी गेलो. डोणी उपसली, पिंप ओतलं, कोपऱ्यातली घागरसुद्धा पालथी घातली. गोदूबाई म्हणाली, "झाला बाय तुझा काम. आता सुखानं जा."

आणि शेठ सुधारला. डबकं दिसलं की थांबतो, बाजूला मान वर करून कुणाकडे तरी बघतो, शेपूट हलवतो आणि न पिता पुढे चालू लागतो. दीपेश म्हणतो, तुझ्यापेक्षा आजीबाईंचा धाक बरा. मीही हसते. खांद्यावरचं ओझं कमी झालं, मला काय वाईट आहे?

आज सकाळी शेठच्या भांड्यात ताजं फिल्टरचं पाणी भरलं. तो आला, थांबला, मान वर करून बघितलं, शेपूट हलवली आणि न पिता मागे फिरला. मी हसत दीपेशला सांगायला वळले, तेवढ्यात स्वयंपाकघरात माठ कलंडल्याचा आवाज आला. पाणी धो धो मोरीत चाललं होतं.

घरात आम्ही तिघंच असतो. तिघंही ठणठणीत आहोत. मी दोनदा मोजून पाहिलं.